उपरोध शिकवायचा कसा?

उपरोध हा शब्द मराठी माणसाला अपरिचित नाही. घरातल्या बोलण्यापासून वृत्तपत्रांच्या अग्रलेखापर्यंत त्याचा संचार असतो. सकाळी नऊ वाजता डोळे चोळत उठलेल्या मुलाला ‘आज फारच लवकर उजाडले म्हणायचे’ असे आई म्हणते, तेव्हा ती उपरोधच वापरत असते. शब्दांचा उलटा अर्थ मुलाला क्षणात कळतो आणि तो मुकाट्याने दात घासायला जातो. हाच मुलगा दहावी-अकरावीत गेल्यावर त्याच्यासमोर उपरोधिक लेख ठेवला, तर मात्र तो बहुधा गोंधळतो. लेखकाने जे लिहिले तेच त्याचे मत आहे, असे समजून तो एक तर चिडतो किंवा चक्क सहमत होतो. घरात जी कळ सहज सापडते ती वर्गात का हरवते, हा भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

शालेय व्याकरणात व्याजस्तुती आणि अतिशयोक्ती हे अलंकार शिकवले जातात. वरकरणी स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट, अशी व्याजस्तुतीची व्याख्या मुले पाठ करतात, उदाहरण ओळखतात आणि गुण मिळवतात. परंतु ही केवळ काव्याची भूषणे नसून समाजाला न रुचणारे सत्य सांगण्याची साधने आहेत, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. इंग्रजीत ज्याला ‘सटायर’ म्हणतात त्यासाठी मराठीत उपहास, उपरोध, विडंबन, व्यंग असे अनेक शब्द आहेत. विडंबनात एखाद्या शैलीची नक्कल असते, उपहासात हसून केलेला धिक्कार असतो, तर उपरोधात बोलणे एक आणि अभिप्रेत दुसरेच असते. समाजातील अन्याय, दांभिकता किंवा सत्तेचा मस्तवालपणा उघडा पाडण्यासाठी ही साधने एकत्र येतात, तेव्हा जे लेखन जन्माला येते ते नुसते विनोदी राहत नाही. ती समाजाची समीक्षा असते.

घड्याळ ठाऊक असायला हवे

आईचा टोमणा मुलाला कळतो, कारण दोघांनाही भिंतीवरचे घड्याळ दिसत असते. नऊ वाजले आहेत आणि उठण्याची वेळ सहाची होती, ही वस्तुस्थिती व हा दंडक दोघांनाही मान्य असतो. शब्द आणि वस्तुस्थिती यांतील अंतरातच उपरोधाचा अर्थ दडलेला असतो. दुसऱ्या काळातील किंवा दुसऱ्या देशातील लेख वाचताना हे घड्याळच वाचकाला दिसत नाही. आवाजातील हेल नसतो, चेहऱ्यावरचा भाव नसतो आणि प्रसंगही ठाऊक नसतो. म्हणून उपरोध शिकवण्याची पहिली पायरी म्हणजे ते घड्याळ वर्गात आणून टांगणे. ज्या दोषावर लेखक बोट ठेवतो आहे तो दोष त्या काळी प्रत्यक्ष कसा होता, हे आधी सांगितले पाहिजे. सर्व अर्थ आयता सांगू नये; पण वेळ किती वाजली होती, एवढे तरी सांगणे भाग आहे.

याचे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे जोनाथन स्विफ्टची ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ ही छोटी पुस्तिका. ‘एक नम्र सूचना’ असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. ती १७२९ मध्ये डब्लिनमध्ये लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मुळे आपल्याकडे मुलांचा लेखक म्हणून ओळखला जाणारा स्विफ्ट प्रत्यक्षात डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन होता आणि आपल्या काळातील राजकारणात आकंठ बुडालेला होता. त्या वेळी आयर्लंड इंग्लंडच्या वर्चस्वाखाली होता. आयरिश लोकरी मालाच्या निर्यातीवर इंग्लंडच्या संसदेने १६९९ मध्ये कडक निर्बंध घातले होते. मोठे जमीनदार इंग्लंडमध्ये राहत आणि खंडाचा पैसा तिकडेच खर्च होई. बहुसंख्य कॅथलिक प्रजेवर जमीन, शिक्षण आणि अधिकारपदे यांबाबत जाचक कायदे होते. त्यात १७२७ पासून सलग काही वर्षे पिके बुडाली. डब्लिनच्या रस्त्यांवर लेकरांना घेऊन भीक मागणाऱ्या स्त्रियांचे तांडे दिसत. घड्याळात वाजले होते ते हे.

हिशेब बरोबर, माणूस गैरहजर

पुस्तिकेचा आरंभ याच दृश्याने होतो. निवेदक सज्जन आहे, कनवाळू आहे, देशाची चिंता वाहणारा आहे. त्याने अनेक वर्षे या प्रश्नाचा अभ्यास केला आहे आणि इतर योजनाकारांच्या आकडेमोडीतील चुका त्याच्या ध्यानात आल्या आहेत. मग तो स्वतःचा हिशेब मांडतो. आयर्लंडची लोकसंख्या १५ लाख. त्यांत अपत्ये होऊ शकतील अशी जोडपी सुमारे २ लाख. त्यांतून मुले पोसण्याची ऐपत असलेली ३० हजार जोडपी वगळली की उरली १ लाख ७० हजार. गर्भपात, रोगराई, अपघात यांसाठी ५० हजार वजा केले की गरिबांच्या घरी दरवर्षी १ लाख २० हजार मुले जन्मतात. या मुलांचे करायचे काय? निवेदकाचे उत्तर असे, की २० हजार मुले पैदाशीसाठी राखून ठेवावीत आणि उरलेली १ लाख मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या भोजनासाठी विकावीत. एका मुलाच्या संगोपनाचा खर्च २ शिलिंग, विक्रीची किंमत १० शिलिंग. म्हणजे आईला ८ शिलिंग निव्वळ नफा. पुढे पाककृतींच्या सूचना आहेत, कातड्याच्या उपयोगाचा विचार आहे आणि राष्ट्राला होणाऱ्या सहा लाभांची क्रमवार यादी आहे.

हा मजकूर वर्गात वाचला की पहिली प्रतिक्रिया किळसेची येते, आणि ती यावीच. पण शिक्षकाने तिथे थांबू नये. विद्यार्थ्यांना हा हिशेब वहीत पुन्हा करायला सांगावा आणि त्यात चूक शोधायला सांगावी. चूक सापडत नाही. बेरीज-वजाबाकी चोख आहे. मग चूक आहे तरी कुठे? ती गणितात नाही, गणिताच्या आधीच्या गृहीतकात आहे. माणूस ही विकण्याजोगी वस्तू आहे, एवढे एकदा मान्य केले की पुढचे सगळे तर्कशुद्ध ठरते. स्विफ्टच्या आधी विल्यम पेटीसारख्या विद्वानांनी लोकसंख्या, मजुरी आणि संपत्ती यांची ‘राजकीय अंकगणिते’ मांडली होती. लोकसंख्या हीच राष्ट्राची संपत्ती, हे त्या काळचे लाडके सूत्र होते. स्विफ्टने ते सूत्र खोडून काढले नाही. ते शब्दशः खरे मानून शेवटपर्यंत नेले. सामाजिक उपरोधाची ही मुख्य यंत्रणा विद्यार्थ्याच्या ध्यानात आली, की अर्धे काम झाले. व्यवस्था जे दबक्या पावलांनी करत असते तेच लेखक उघडपणे आणि अभिमानाने करून दाखवतो.

दुसरे निरीक्षण शब्दांचे. मुले खाण्याची सूचना येण्यापूर्वीच निवेदकाच्या भाषेत बिघाड सुरू झालेला असतो. मातांचा उल्लेख तो गोठ्यातील जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांनी करतो. मूल जन्मते असे न म्हणता, जनावर विते तसे तो बोलतो. ‘तुम्हाला पहिली शंका कोणत्या शब्दापाशी आली? तिथे पेन्सिलीने खूण करा,’ एवढे सांगितले तरी विद्यार्थी मजकुराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मोठे अत्याचार पुष्कळदा शब्दांपासून सुरू होतात, हे त्या खुणेतूनच त्यांना उमगते.

तिसरी जागा शेवटाकडे येते. निवेदक अचानक चिडून म्हणतो, की दुसरे कोणतेही उपाय मला सांगू नका. आणि मग तो ते उपाय एकेक करून नाकारतो: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवणे, देशी माल वापरणे, परदेशी चैनीच्या वस्तू टाळणे, आपसांतील तट मिटवणे, कुळांशी दयेने वागणे. खरी सूचना ही आहे. देशी माल वापरण्याचा आग्रह स्विफ्टने १७२० मध्ये एका पुस्तिकेत सरळ भाषेत धरला होता, तेव्हा त्या पुस्तिकेच्या मुद्रकावर खटला भरण्यात आला. सरळ बोलून उपयोग झाला नाही, म्हणून नऊ वर्षांनी तो वाकड्या वाटेने गेला. उपरोध ही बहुधा संतापाची दुसरी पायरी असते. पहिली पायरी अर्ज-विनंत्यांची असते आणि ती ऐकून घेतली गेलेली नसते.

बोलणारा एक, लिहिणारा दुसरा

यातून सर्वांत महत्त्वाचा धडा निघतो. ‘मी’ म्हणून जो बोलतो आहे तो लेखक नव्हे. ते लेखकाने घेतलेले सोंग आहे. स्विफ्टने हे सोंग प्रत्येक वेळी हेतू पाहून निवडले. १७२२ मध्ये विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला होता. त्याविरुद्ध स्विफ्टने १७२४ मध्ये पत्रे लिहिली ती एका साध्या कापड दुकानदाराच्या नावाने. तो दुकानदार भरवशाचा, रोखठोक माणूस आहे आणि त्याचे म्हणणे तेच स्विफ्टचे म्हणणे आहे. या पत्रांपैकी एकाच्या लेखकाचे नाव सांगणाऱ्यास सरकारने ३०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. नाव कोणीही सांगितले नाही, आणि १७२५ मध्ये वुडचा मक्ता रद्द झाला. पाच वर्षांनंतरच्या ‘नम्र सूचने’तील सोंग मात्र नेमके उलट आहे. त्या सज्जनाचे एकही मत स्विफ्टचे नाही. एकाच लेखकाची दोन सोंगे शेजारी ठेवली, की निवेदक आणि लेखक यांच्यातील अंतर कमी-जास्त कसे होते हे विद्यार्थ्यांना समजते.

हे अंतर वाचकाला दिसलेच नाही तर काय होते, याचेही उदाहरण त्याच काळात सापडते. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डिफो याने १७०२ मध्ये एक निनावी पुस्तिका काढली. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या राहणाऱ्या पंथीयांचा कायमचा बंदोबस्त करावा, त्यांच्या उपदेशकांना फासावर द्यावे, असे त्यात एका कडव्या धर्माभिमान्याच्या तोंडून म्हटले होते. डिफो स्वतः त्याच वेगळ्या पंथीयांपैकी एक होता. कडव्यांची भाषा किती भयंकर आहे हे त्याला दाखवायचे होते. पण नक्कल इतकी हुबेहूब उतरली, की कित्येक कडव्यांना ती आपल्याच मनातली वाटली आणि पंथीयांना ती खरी धमकी वाटली. खरा प्रकार उघड झाल्यावर दोन्ही बाजू खवळल्या. १७०३ मध्ये डिफोला दंड झाला, तुरुंगवास झाला आणि तीन दिवस भर चौकात मान व हात खोड्यात अडकवून उभे करण्यात आले. सोंगाच्या फटीतून लेखकाचा चेहरा किंचित तरी दिसावा लागतो. तो डिफोच्या लेखनात दिसला नाही. स्विफ्टने पुढे तो किती हिशेबाने दाखवला, हे तुलनेने कळते.

असे गैरसमज जुन्या काळातच होत होते असे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘द अनियन’ या अमेरिकी उपहासपत्राने उत्तर कोरियाचे नेते किम जोंग उन यांना जगातील सर्वांत देखणा पुरुष ठरवले. चीनच्या ‘पीपल्स डेली’ या सरकारी वृत्तपत्राच्या इंटरनेट आवृत्तीने ती बातमी खरी मानून भल्यामोठ्या छायाचित्रमालिकेसह छापली. आज मोबाइलवरून फिरणारा मजकूर त्याचे मूळ ठिकाण, लेखकाचे नाव आणि संदर्भ गमावून आपल्यापर्यंत पोहोचतो. घड्याळ नाही, सोंगाची खूण नाही, नुसते शब्द. अशा काळात ‘हे कोण बोलते आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ही साहित्याची चैन राहिलेली नाही.

आपल्याकडची सोंगे

मराठी विद्यार्थ्याला सोंगाची कल्पना समजावण्यासाठी आयर्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून हेच केले. जोशी, गारुडी, महार अशा नाना भूमिका घेऊन ते बोलले. भारूड सादर करणारा सोंग घेतो तेव्हा समोरच्या श्रोत्याला दोन गोष्टी एकाच वेळी ठाऊक असतात: हा जोशी आहे आणि हा जोशी नाही. उपरोधिक लेख वाचताना लागते ती हीच दुहेरी दृष्टी.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या दृष्टीने फार उपयुक्त आहे. एका गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून एक जोशी लुबाडतो, ही त्याची कथा. या नाटकात विदूषक आहे, पण तो केवळ हसवण्यासाठी नाही. जोशीबुवांचे गोड बोलणे चालू असतानाच तो प्रेक्षकांसाठी त्याचा खरा अर्थ उघड करत जातो. म्हणजे स्विफ्टने जे वाचकावर सोपवले ते फुल्यांनी रंगमंचावरच्या एका पात्राकडे दिले. कारण उघड आहे. स्विफ्टचा वाचक शिकलेला होता. फुल्यांना ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांना शिक्षणच नाकारले गेले होते. शेवटी ते जोडपे शिकण्याचा निश्चय करते. विद्येअभावी फसवणूक होते हा नाटकाचा विषय आणि अर्थ उलगडून सांगणारा विदूषक ही त्याची रचना, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. ते तिने स्वीकारले नाही.

तिसरे उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून तिला उत्तर दिले. त्यांची युक्ती सरळ होती. स्त्रियांवर जे जे दोष लादले जातात त्यांची यादी घ्यायची आणि तोच गज पुरुषांना लावून मोजायचे. साहस, कपट, चंचलपणा हे दुर्गुण नेमके कोणाच्या अंगी आहेत, असे त्या विचारत जातात. नियम समोरच्याचाच, फक्त दिशा बदलली. स्विफ्टने जसे अर्थशास्त्र्यांचे सूत्र त्यांच्याच गळ्यात घातले, तसेच हे. मात्र ताराबाईंनी सोंग घेतलेले नाही. त्या स्वतःच्याच आवाजात कडाडतात. सोंगाशिवायही उपरोध होऊ शकतो, हे यावरून विद्यार्थ्यांना दाखवता येते.

रोख कोणाकडे?

उपरोध हा नेहमी दुर्बलांच्याच बाजूने उभा राहतो, असा भाबडा समज मात्र वर्गात पसरू देऊ नये. ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाल्यावर चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, नारायण बापूजी कानिटकर यांचे ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आले. शिकलेल्या स्त्रिया कशा बिघडतील याचे भडक चित्र रंगवून स्त्रीशिक्षणाची थट्टा करणारे ते नाटक होते. साधन तेच, अतिशयोक्ती तीच. पण रोख नुकत्याच शाळेची पायरी चढलेल्या मुलींकडे. स्विफ्टही निष्कलंक नव्हता. ‘नम्र सूचने’चा निवेदक कॅथलिकांबद्दल जे तुच्छतेने बोलतो त्यातले किती सोंगाचे आणि किती लेखकाचे, हा प्रश्न उरतोच. याच स्विफ्टने १७३७ मध्ये डब्लिनच्या भिकाऱ्यांना बिल्ले द्यावेत आणि परगावच्या भिकाऱ्यांना शहराबाहेर काढावे, अशी गंभीर सूचना केली होती. अन्यायाविरुद्ध लिहिणारा माणूस सर्व बाबतींत न्यायी असतोच असे नाही, हे विद्यार्थ्यांना कळले तर त्यांची भक्ती कमी होईल आणि वाचन सुधारेल.

रोखाचा हा प्रश्न किती नाजूक असतो याचा अनुभव आपल्या देशाने २०१२ मध्ये घेतला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हाती चाबूक आहे, आणि मागे पंडित नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत, असे ते चित्र. घटनेला सुमारे तीन वर्षे का लागली, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा, असा प्रश्न पुस्तकात त्यासोबत विचारला होता आणि धडा विचारविनिमयाचे महत्त्व सांगणारा होता. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने दिलगिरी व्यक्त केली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली, समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्न मत नोंदवले.

मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु आक्षेप घेणारे सगळेच अडाणी होते, असे म्हणून हात झटकणेही योग्य नाही. १९४९ मध्ये चित्राचा रोख कामाच्या गतीकडे होता. तोपर्यंत बाबासाहेब सत्तेच्या वर्तुळातील एक मंत्री होते आणि मंत्र्यांवर व्यंगचित्र काढणे हे व्यंगचित्रकाराचे कामच आहे. साठ वर्षांनंतर वर्गात बसलेल्या दलित विद्यार्थ्यासाठी मात्र ते एका मंत्र्याचे चित्र नव्हते, आणि चाबूक ही त्याच्या पूर्वजांच्या इतिहासात निव्वळ घाईची खूण नव्हती. चित्र तेच राहिले आणि घड्याळ बदलले. अशा वेळी चित्र काढून टाकले तर दोन्ही अर्थ वर्गाबाहेर जातात. चित्रकाराचा रोख तेव्हा कोणाकडे होता आणि आज पाहणाऱ्याला तो कुठे लागतो, असे दोन्ही प्रश्न वर्गात विचारले आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांना मोकळेपणाने बोलू दिले, तर त्याच चित्रातून राज्यघटना आणि जातिव्यवस्था हे दोन्ही धडे शिकता येतात. अर्थात त्यासाठी तयारीचा शिक्षक लागतो. नुसते चित्र छापून ती तयारी होत नाही.

वर्गात काय करता येईल?

वरील विवेचनातून चार प्रश्न हाती लागतात. कोणताही उपरोधिक मजकूर वाचताना ते फळ्यावर लिहून ठेवावेत. बोलतो आहे कोण, आणि तो लेखकच आहे काय? कोणता तर्क किंवा नियम ताणून शेवटपर्यंत नेला आहे? टीकेचा रोख कोणाकडे आहे, आणि तो बलवान आहे की दुर्बल? लेखकाला खरोखर काय व्हायला हवे आहे? शेवटचा प्रश्न मुले नेहमी विसरतात. ज्या उपरोधामागे एखादा दंडक नाही, अमुक असायला हवे होते असा आग्रह नाही, तो निव्वळ कुचेष्टा ठरतो.

वाचनानंतर लेखन करून घ्यावे, कारण सोंग घेतल्याशिवाय सोंगाची अडचण कळत नाही. विषय जवळचा असावा. दप्तराचे ओझे घ्या. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. हे झाले घड्याळ. ‘शाळा मुलांवर अन्याय करते’ असे लिहिले तर ती तक्रार झाली. शाळेला नावे ठेवली तर ती शिवीगाळ झाली. पण एखाद्या उत्साही सल्लागाराचे सोंग घेऊन विद्यार्थी लिहू लागला, की व्यायामशाळांवर खर्च करण्याची आता गरज उरलेली नाही. आठ किलोंचे दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग यांची सांगड घातल्यास पाठीचे, गुडघ्यांचे आणि सहनशीलतेचे शिक्षण एकाच शुल्कात होते. ज्या मुलांची पाठ वाकेल त्यांना नम्रतेचे विशेष गुण द्यावेत. तर तो योग्य वाटेवर आहे. इथे शाळेला एकही अपशब्द नाही. ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द मात्र यापुढे ऐकताना वाचक थोडा थबकेल.

लेखन झाल्यावर मुलांनी वह्यांची अदलाबदल करावी आणि शेजाऱ्याने लेखकाला न विचारता फटी शोधाव्यात: सोंग कुठे उघडे पडले, रोख कोणाकडे गेला, खरी मागणी सापडली काय? शेजाऱ्याला ते खरेच वाटले, तर डिफोची अडचण लेखकाला स्वतःच्या अनुभवातून कळेल. एखाद्याने सहाध्यायाच्या व्यंगावर, जातीवर किंवा गरिबीवर नेम धरला असेल, तर त्याला तिसरा प्रश्न स्वतःच्याच मजकुराला विचारायला लावावा. शिक्षकाच्या दटावणीपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

गुणदानाची अडचण राहते, हे मान्य केले पाहिजे. एकच अपेक्षित उत्तर गृहीत धरणाऱ्या परीक्षेत उपरोध बसवणे कठीण आहे. त्यावर मार्ग असा, की गुण निष्कर्षाला न देता पुराव्याला द्यावेत. ‘लेखक गरिबांच्या बाजूने आहे’ या वाक्याला थोडे गुण आणि ते कोणत्या शब्दावरून, कोणत्या आकड्यावरून, कोणत्या यादीवरून ठरवले, याला अधिक. असे केले तर तयार उत्तरपुस्तिका निरुपयोगी ठरतात, हा आणखी एक फायदा.

इतका खटाटोप कशासाठी, असे एखादा पालक विचारू शकेल. त्याचे उत्तर ‘नम्र सूचने’च्या त्या सज्जन निवेदकातच आहे. तशी सभ्य भाषा, तसे चोख आकडे आणि तशा लाभांच्या याद्या विद्यार्थ्याला पुढे आयुष्यभर भेटणार आहेत: कार्यालयीन अहवालांत, कंपन्यांच्या पत्रकांत, निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत. त्यांतील बहुतेक लिखाण उपरोधिक नसेल; ते अगदी मनापासून लिहिलेले असेल. त्यातल्या बेरजेत चूक नसताना माणूस कुठे वजा झाला, हे ज्याला शोधता येते त्याला हा धडा समजला, असे म्हणता येईल.